बाळंतिणीला पाणी नसतं

देवमन आणि भागिरथा यांच्यात भांडण नव्हतं. भांडायचं तर बोलावं लागतं.

देवमन कारंजा आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, त्या दिवशी त्याचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मग त्याने भाषण केलं. आगारप्रमुखांपासून गाड्या धुणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. रस्त्यातल्या खड्ड्यांचेही मानले, कारण त्यांनी प्रवाशांना कधी झोपू दिलं नाही. लोक हसले. पहिल्या रांगेत भागिरथा नवं लुगडं नेसून बसली होती. तिचं नाव तेवढं राहून गेलं. टाळ्या तिनेही वाजवल्या. इंझोरीला घरी आल्यावर तिने घड्याळ भिंतीला टांगलं, नवऱ्याला जेवायला वाढलं, आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं.

पण घर म्हटलं की दळण आलं, गॅस आला, पुण्याहून लेकीचा फोन आला. त्यासाठी घंटी होती.

घंटी म्हणजे त्यांची कुत्री. तांबूस रंगाची, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. स्टँडवर एका बंद पडलेल्या गाडीखाली ती पिल्लू असताना सापडली होती आणि देवमनने पिशवीत घालून घरी आणली होती. नावाला त्याला फार विचार करावा लागला नाही.

"घंटे, तुह्या बापाले सांग, दळन संपलं," भागिरथा चुलीपाशी बसून म्हणायची. घंटी देवमनकडे मान वळवायची.

"घंटे, तुह्या मायले सांग, आनतो मनावं." मान परत भागिरथेकडे.

निरोप कधी चुकला नाही, उशिरा पोचला नाही, मधल्यामध्ये वाढवून सांगितला गेला नाही. इतकी चोख सेवा सरकारात कोणी दिली असती तर त्याचाही सत्कार झाला असता. सगळा संसार त्या कुत्रीच्या मानेवर चालला होता.

दिवाळी होऊन गेली. सोयाबीन घरात आलं तसं बाजारातही गेलं. सकाळी अंगावर शाल हवीशी वाटायला लागली, आणि अशा थंडीच्या दिवसांत घंटीला तहान लागली.

आधी तिचं भगुणं रिकामं व्हायला लागलं. मग न्हाणीतली बादली. मग शेजारच्या म्हशीच्या टाक्यात तिचं तोंड दिसायला लागलं. निरोप घ्यायला उभी राहिली तरी अर्ध्यातून पाण्याकडे जायची, आणि देवमनचं वाक्य हवेत लोंबकळत राहायचं. जेवढं आत जाई तेवढं बाहेर येई, आणि ते गल्लीतल्या सगळ्या दारांना सारखं वाटलं जाई.

गल्लीने त्यावर नेहमीचा उपाय केला. प्लास्टिकच्या बाटलीत कुंकू कालवून ती बाटली दाराशी ठेवली. लाल पाणी दिसलं की कुत्रं त्या जागेवर घाण करत नाही, असं शास्त्र आहे. फक्त ते कुत्र्यांनी वाचलेलं नाही. पंधरा दिवसांत गल्ली अशी दिसायला लागली की परका माणूस विचारी, इथे कसली जत्रा आहे.

सगळ्यात मोठी बाटली कस्तुराबाईची. कस्तुराबाई देवमनच्या घराला लागून राहायची. अंगणात रोज पहाटे कमळ काढायची, रांगोळीचं, आणि सडा सुकण्याआधी घंटीचं तिथे येणं व्हायचं. गल्लीतली निम्मी पोरं कस्तुराबाईच्या डोळ्यांदेखत जगात आली होती. उरलेली दवाखान्यात झाली, त्यांच्या आयांना तिने नंतर भेटून काय काय चुकलं ते सांगितलं होतं.

"भागिरथाबाई," ती कुंपणावरून म्हणाली, "तुही कुत्री मनजे फुटलेला पाइप झाली वो. इले झालं तरी काय?"

"तेच तं समजून नाई राह्यलं, माय."

ओट्यावर कस्तुराबाईचा नवरा मारोतराव बसला होता. जमीन बटईने दिल्यापासून तो तिथेच बसलेला असे. "पिसायली तं नसन?" त्याने आपणच विचारलं आणि आपणच उत्तर दिलं, "नाई. पिसायलेलं कुत्रं पान्याले भेते. इले पाहून तं पानीच भेऊन राह्यलं. मनजे कुत्री ठनठनीत हाये."

"तुमाले कोन इचारलं?" कस्तुराबाई म्हणाली. मारोतराव पुन्हा नुसता बसला.

देवमनचं निदान वेगळं होतं. त्याला स्वतःला साखरेचा आजार होता, आणि तो कळण्याआधी त्यालाही अशीच तहान लागायची. गाडी मंगरूळपर्यंत जाईतो दोन बाटल्या संपायच्या. त्याने आपलं बोटाला टोचायचं यंत्र काढलं, घंटीच्या उभ्या कानाच्या कडेला टोचलं आणि थेंब पट्टीवर घेतला. घंटीने हूं केलं नाही. आकडा आला. तो देवमनच्या आकड्यापेक्षा बराच चांगला होता. त्याला बरंही वाटलं आणि थोडा अपमानही झाला.

"घंटे, तुह्या मायले सांग, साखर नाई."

घंटी पाण्याकडे गेली होती.

मग तिचं पोट वाढायला लागलं, आणि कस्तुराबाईने हात लावून निकाल दिला. "पोटुशी हाये."

देवमन घराबाहेर आला. "काइच्या काई, वयनी! दसऱ्याच्या टायमाले ते माजावर होती तवा मी सोता दाराशी खाट टाकून बसलो. एकाले आत येऊ देलं नाई."

"पहारे तं राजे लोकबी देत होते, देवमनभाऊ," कस्तुराबाई म्हणाली.

भागिरथा हरखली. बऱ्याच महिन्यांनी तिच्या तोंडून गाण्याची ओळ ऐकू आली, भांडी घासताना. सत्काराच्या दिवशी नेसलेलं लुगडं तिने पेटीतून काढलं, चौघडी करून कोपऱ्यात अंथरलं आणि घंटीला त्यावर बसवलं. देवमनने लुगडं ओळखलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण घंटी झोपली होती, म्हणून मिटलं.

पिल्लं काही झाली नाहीत. एका सकाळी त्या लुगड्यावर लालसर, घट्ट, भयंकर वासाचं काहीतरी पडलेलं होतं आणि घंटी त्याच्यापासून लांब, न्हाणीच्या उंबऱ्याशी पडून होती. भागिरथेने हाक मारताच कस्तुराबाई आली, वाकून पाहिलं, पदर नाकाला लावला.

"गेले बाई. पिल्लं वाया गेले. होते असं, पहिलटकरीन हाये. पन मोकळी झाली हे बरं झालं. आता इले बाळंतीनच समजाचं." आणि तिथल्या तिथे तिने बाळंतपण ठरवलं. तुपातला शिरा. ओवा न् शेपांची धुरी. कानाला फडकं. "न् पानी बंद."

"पानी बंद?"

"बाळंतिनीले पानी नसते, भागिरथाबाई. तुले मी सांगू का आता? पोट सुटते, अंगावर सूज येते. सांजच्याले घोटभर कोमट देजो, बस. न् हे तं आधीच पिऊन पिऊन फुगली. म्या तं मनते, त्या पान्यानंच पिल्लं गेले."

भागिरथेला तिचं स्वतःचं बाळंतपण आठवलं. सपना झाली तेव्हा सासूने पाण्याचा माठ वरच्या फळीवर ठेवला होता. कपाळावर ठेवायचं ओलं फडकं भागिरथेने पांघरुणाआड चोखलं होतं. ती तहान इतकी आठवली की जीभ टाळूला चिकटली. पण अशी आठवण आली की माणूस तिच्यातून दुःख काढून टाकतो आणि नियम तेवढा ठेवतो. आपण जगलो ना? सपना जगली ना? तिने घंटीचं भगुणं उचललं, माठ वरच्या फळीवर चढवला, बादली पालथी घातली आणि न्हाणीला कडी लावली, बाहेरच्या दारालाही.

देवमन बाहेरून आला तर भगुण्याच्या जागी ओला गोल डाग.

"घंटे, तुहं पानी कुठी गेलं?"

"घंटे, सांग," भागिरथा शिरा ढवळत म्हणाली, "बाळंतिनीले पानी नसते मनावं."

देवमन जागीच थबकला. त्याची आईही असंच म्हणायची. शिवाय नोकरीभर त्याने नियम का आहे हे कधी विचारलं नव्हतं, नियम कोणता आहे एवढंच विचारलं होतं. समोरच्या बाईने पाठ फिरवलेली, मधली कुत्री भिंतीला टेकलेली. एवढ्या अंतरावरून वाद घालायला दम लागतो. तो खाटेवर जाऊन बसला.

घंटी मात्र निरोप देत होती. आधी भागिरथेकडे बघायची, मग वरच्या फळीवरच्या माठाकडे, मग परत भागिरथेकडे. मग देवमनकडे, माठाकडे, देवमनकडे. आयुष्यभर दुसऱ्यांचं पोचवलं, आता स्वतःचं एकच सांगायचं होतं. ते काही पोचलं नाही.

तिने घासलेली भांडी चाटली. न्हाणीच्या कडीखालून येणारी ओल चाटली. देवमन बाहेरून पाय धुऊन आला की त्याचे घोटे चाटायची, आणि तो म्हणायचा, "पाहा, कशी माया करून राह्यली." शिरा तिने खाल्ला आणि ओकला. कस्तुराबाई म्हणाली, पोट साफ होऊन राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने शिरा खाल्ला नाही. कस्तुराबाई म्हणाली, तूप कमी पडलं. पोट काही ओसरलं नाही, उलट तट्ट झालं. कानाला बांधलेल्या फडक्यात तिचं तोंड एखाद्या म्हातारीसारखं दिसायला लागलं.

भागिरथा तिच्याजवळ बसून राहायची. "पड माय, पड. मलेबी असंच झालतं. चालते हे." सांजेचा कोमट घोट ती वाटीत द्यायची. घंटी तो एका श्वासात संपवून वाटी इतकी चाटायची की वाटी भिंतीपर्यंत सरकत जायची. त्या आवाजाने देवमन अंगणात निघून जायचा.

तिसऱ्या सकाळी दार उघडं राहिलं, आणि कस्तुराबाईची किंकाळी आली.

दोघंही धावले. रांगोळीच्या कमळावर घंटी आडवी होती. सगळ्या गल्लीतली ती सगळ्यात मोठी बाटली तिने दातांनी फोडली होती, आणि जमिनीवर पसरलेलं लाल पाणी, रांगोळीसकट, मातीसकट, ती चाटत होती. तोंड लाल, छाती लाल, पंजे लाल. ज्या पाण्याला भिऊन तिने पळायचं ते.

"रगत!" मारोतराव ओट्यावर उभा राहून ओरडला. "रगत ओकून राह्यली!"

"कुंकू हाये ते, भैताडावानी काय ओरडता?" कस्तुराबाई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. घंटीने शेवटचं एकदा जमिनीला जीभ लावली आणि तिची मान रांगोळीवर पडली.

भागिरथा खाली बसली. तिने घंटीचं तोंड मांडीवर घेतलं, लाल झालेल्या हाताकडे पाहिलं, आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "इले तहानच होती वो. खरीच तहान होती."

आता कारंज्याला जायचं होतं, जनावरांच्या दवाखान्यात. एसटीचा तर प्रश्नच येत नव्हता. कुत्रं घेऊन गाडीत चढलेल्या एका म्हाताऱ्याशी देवमनने नोकरीत एकदा नियमावरून वाद घातला होता आणि जिंकला होता. म्हातारा भर उन्हात फाट्यावर उतरला होता. देवमन एसटीच्या थांब्याकडे न बघता धनसिंगच्या घराकडे पळाला. धनसिंग तांड्यावरचा, त्याचा तीनचाकी अ‍ॅपे होता, आणि तो सरकीची पोती भरून कारंज्याच्या बाजारात निघालाच होता.

"बसा," धनसिंगने एक पोतं उतरवून जागा केली. मग घंटीकडे पाहून त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, म्हणून म्हणाला, "आज कंडक्टरसायेब बिनातिकीट."

कोणी हसलं नाही. धनसिंगनेच मान खाली घातली आणि किक मारली.

मागे पोत्यांच्या मध्ये दोघं समोरासमोर, मधे घंटी. भागिरथेने तांब्याभर पाणी आणलं होतं. ती बोटांनी तिच्या ओठांवर थेंब सोडत होती. थेंब दातांवरून ओघळून खाली पडत होते. जे पाणी तीन दिवस फळीवर ठेवलं होतं ते आता कितीही दिलं तरी घेतलं जात नव्हतं.

"घंटे," देवमन म्हणाला, सवयीने, "मायले सांग, डोकं जरा उच्चं धर मनावं."

मान वळली नाही.

त्याने पुन्हा म्हटलं, "घंटे." फक्त अ‍ॅपेचा आवाज. देवमनने मग स्वतः हात पुढे केला आणि ते डोकं वर उचललं, आणि भागिरथेचा हात आधीच तिथे होता.

दवाखान्याच्या आवारात डॉक्टर योगिनी मॅडम एका बैलाच्या खुरावर पट्टी बांधत होत्या. तरुण बाई, पायांत गमबूट. घंटीला पाहिल्यावर बैल त्याच्या मालकावर सोपवून त्या उठल्या. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमटीसारखीच उभी राहिली.

"पाणी पीत नव्हती का?"

"लय पेत होती, म्याडम," देवमन म्हणाला. "घरातलं पेली, शेजारचं पेली. मंग..."

"मग?"

"आमी बंद केलं."

"का?"

"बाळंतीन होती."

मॅडमनी घंटीच्या पोटाकडे, मग कानाच्या फडक्याकडे पाहिलं. "पिल्लं कुठे आहेत?"

"झालीच नाईत."

"माजावर कधी आली होती?"

"दसऱ्याच्या बाजूले," देवमन म्हणाला. परक्या बाईपुढे असलं बोलताना तो जमिनीकडे बघत होता. "पन मी खाट टाकून बसलो होतो."

"खाट बरोबर होती तुमची. ती गाभण नव्हतीच." त्यांनी शेपटी उचलून पाहिलं आणि नाक वळवलं नाही. "गर्भपिशवीत पू झालाय. माजानंतर महिन्या-दीड महिन्यात होतं असं, कुत्र्यांत. त्याचं विष रक्तात गेलं की मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. जेवढं जातं तेवढं पिऊन भरून काढावं लागतं. म्हणून ती पीत होती."

"मले वाटलं साखर," देवमन म्हणाला.

"साखरेनंही होतं. नुसत्या मूत्रपिंडाच्या दुखण्यानंही होतं. खाजेची इंजेक्शनं दिली की त्यानंही होतं. कुत्रं एवढं प्यायला लागलं की काय झालंय ते शोधायचं असतं, काका. पाणी काढून घ्यायचं नसतं. ते पाणीच तिला जगवत होतं."

भागिरथेने हे ऐकलं. रडली नाही. पदराचं टोक तिने तोंडात धरलं आणि चावत राहिली.

"वाचन काय?" देवमनने विचारलं.

"पिशवी काढावी लागेल. आत्ता. आधी सलाईन. एवढ्या कोरड्या अंगाला भूल द्यायची म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मी करते. बाहेर बसा."

बाहेर लाकडी बाक होता. एका टोकाला देवमन बसला, दुसऱ्या टोकाला भागिरथा. मधे घंटीएवढी जागा. समोर तो बैल तीन पायांवर उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता, पण त्याला काम माहीत नव्हतं.

वेळ जाईना. आतून कसलाही आवाज नाही. देवमनला वाटलं भागिरथेला काही विचारावं. चक्कर येते का, सकाळपासून पोटात काही नाही. त्याने तोंड उघडलं. "सांग..." एवढं बाहेर पडलं आणि पुढे ज्याला सांगायचं ते माणूस आत टेबलावर होतं. शब्द तसाच राहिला. तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा बसला.

"तुले चहा पाह्यजे काय?" तो म्हणाला.

भागिरथेने मागे वळून पाहिलं, की हा कोणाशी बोलतो.

"तुलेच इचारून राह्यलो."

तिने तोंडातलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "म्या मारलं तिले."

"दोघायनं मारलं. मी पाहून राह्यलो होतो ना. मले समजत होतं. वाटीचा आवाज येत होता." त्याने बाकाची कड नखाने खरडली. "तोंड उघडाची सवय गेली आपली."

"सवय कोनं घालवली?"

याचं उत्तर एका भाषणात होतं, आणि ते भाषण होऊन गेलं होतं. देवमन चहा आणायला गेला. आणलेला चहा दोघांच्या हातात निवून गेला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा ऊन कलत होतं. हातात ट्रे. त्यात जे होतं ते देवमनने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. "निघाली. जीव आहे अजून. पण मूत्रपिंडं थांबल्यासारखी वाटतात. एवढं सलाईन गेलं, थेंबभर लघवी नाही. इथे मुक्कामाची सोय नाही, घरी न्या. पाणी समोर ठेवा, जबरदस्ती करू नका. उद्या दुपारपर्यंत लघवी झाली तर समजा सुटली. झाली की लगेच फोन करा."

"न् नाई झाली तं?"

"तरी फोन करा," मॅडम म्हणाल्या, पण वेगळ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनच्या अंगणात घंटी एका पोत्यावर होती, पोटाला पट्टी, डोळे अर्धे. तिच्याभोवती पाणी. भगुण्यात, बादलीत, परातीत, तांब्यात. भागिरथेने घरातलं एक भांडं रिकामं ठेवलं नव्हतं. फळीवरचा माठही खाली आणून ठेवला होता. घंटी एकाकडेही बघत नव्हती.

"पी ना माय," भागिरथा म्हणत होती. "पी. कितीबी पी. साऱ्या गल्लीत मूत."

गल्लीला खबर लागली होती. ज्यांनी पंधरा दिवस तिला दगड दाखवले ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. कस्तुराबाई काल दिवसभर दिसली नव्हती. आता आली, हातात काही नाही, तोंडात काही नाही. पहाटेचं कमळ मात्र तिने काढलं होतं. हात ऐकत नाही.

"झाली का वो?"

"नाई."

सूर्य वर आला. घंटीने डोळे मिटले. देवमनने आत जाऊन घड्याळ पाहिलं, सत्काराचं, आणि ते भिंतीवरून उतरवून पालथं ठेवलं.

तेव्हा मारोतराव ओट्यावरून म्हणाला, "बाटल्या हायेत ना."

"काय?"

"लाल बाटल्या. साऱ्या दाराशी ठेवल्या. त्या पाहून कुत्रं मुतत नाई, असंच हाये ना? मंग हे मुतन कशी?"

इतर कोणत्याही दिवशी यावर कस्तुराबाई जे बोलली असती ते बोलली नाही. देवमन, ज्याला काल पांढऱ्या कोटातल्या बाईने मूत्रपिंड समजावून सांगितलं होतं, तोही हसला नाही. माणूस बुडायला लागला की काडी कोणत्या झाडाची आहे हे विचारत नाही. भागिरथा उठली, शेजारच्या दाराशी गेली, तिथली बाटली उचलली. मग पुढच्या दाराची. मग सगळेच लागले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायाबापड्यांनी आपापल्या बाटल्या काखोटीला मारून आत नेल्या. मारोतरावने आपल्या मोटारसायकलजवळची नेली आणि वरून गोणपाट झाकलं, घंटीला वास येऊ नये म्हणून.

गल्ली ओकीबोकी झाली. 

काही झालं नाही. घंटी पडून होती. ऊन अंगणाच्या अर्ध्यापर्यंत आलं. धनसिंग अ‍ॅपे घेऊन आला आणि न विचारता फाटकाशी लावून उभा राहिला, पुन्हा न्यायचं असेल म्हणून. देवमनने हे पाहिलं. तो घंटीजवळ मातीत बसला.

"भागिरथा," तो म्हणाला, थेट, सगळ्या गल्लीसमोर, "आता काय करू?"

आपलं रोजचं काम कोणीतरी दुसरंच करून राहिलं, असं काही घंटीला वाटलं असेल, नसेल. तिने डोळे उघडले. देवमनकडे पाहिलं. मग मान, अगदी हळू, भागिरथेकडे वळली. भागिरथेने हात तोंडावर दाबला.

घंटीने पुढचा पाय लावला. मागचे दोन घसरले. पुन्हा लावले. देवमन धरायला गेला तर भागिरथेने त्याचा सदरा ओढला. घंटी उभी राहिली, भगुण्यात तोंड घातलं, दोन-चार वेळा जीभ मारली. परातीकडे बघितलं नाही. पडत-झडत फाटकातून बाहेर निघाली. गल्लीने वाट दिली. ती कस्तुराबाईच्या अंगणात गेली, पहाटेच्या कमळावर आली, आणि खाली बसली.

गल्लीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

"मुतली!" कस्तुराबाई किंचाळली. "मुतली वो माय, मुतली! माह्या रांगोयीवर मुतली!" आणि ती, जिने त्या कमळासाठी कुत्रीला सात पिढ्यांवरून शिव्या दिल्या होत्या, मटकन ओट्यावर बसून रडायला लागली.

फोन धनसिंगने लावून देवमनच्या हातात दिला.

"झाली, म्याडम!"

"छान! किती झाली? थोडी की भरपूर?"

देवमनने वाकून पाहिलं. "कस्तुरावयनीचं अर्धं कमळ गेलं."

"अर्धं म्हणजे किती?"

भागिरथेने फोन त्याच्या हातातून घेतला. "पुरं गेलं, म्याडम. पाकळ्यासकट. यायले पुरं सांगाची सवयच नाई." आणि फोन कानाला तसाच धरून ती नवऱ्याकडे वळली. "उभे काय राह्यले? ते पानी मांगून राह्यली. भगुनं भरून आना."

सांज होईतो सगळ्या बाटल्या आपापल्या दाराशी परत आल्या होत्या. कस्तुराबाईची मात्र फुटलीच होती, तिने नवी भरली नाही.